नको म्हणणाऱ्या हातांवरून

भिलाई, सेक्टर ५
६ नोव्हेंबर १९६१

प्रिय पंजाबराव,

जयभीम. तुझा भाचा सुखरूप पोचला. दुर्ग स्टेशनावर त्याला शोधावं लागलं नाही. गाडीच्या दारातून वाकून उतरणारा तो एकटाच होता. "केवलराम माझ्याहून जरा उंच आहे," असं तू लिहिलं होतंस. लेका, तू मास्तर आहेस. 'जरा' हा शब्द पोरांना शिकवताना जपून शिकव. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याचं कपाळ इतकं आपटतं की कांतानं तिथं जुनी गोधडी बांधली आहे. खाटेवर निजत नाही. "मामी, खाट तुटंल," म्हणतो, आणि अंगणात सतरंजी पसरतो.

ठेकेदाराकडे पाया खोदायच्या कामावर त्याला लावून दिलंय. पण ते काम माघात संपेल, मग पुढे काय? तर ऐक. कारखान्यात आमच्या मिल खात्याची बास्केटबॉलची टीम आहे आणि नागपूरला असताना मी थोडा खेळलो होतो म्हणून तिला शिकवायचं काम माझ्या गळ्यात आहे. उंच खांबावर लोखंडी कडं असतं, त्याला रिंग म्हणतात. त्यात चेंडू टाकायचा. दुरून टाकणारे आमच्याकडे आहेत. गर्दीत घुसून, रिंगच्या खाली उभं राहून टाकणारा कोणी नाही. खेळाच्या साहेबांनी केवलरामला सिमेंटची पोती वाहताना पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "सव्वीस जानेवारी के मैच में ये लड़का रिंग के नीचे से बास्केट करके दिखाए, तो खलासी की पक्की जगह पर इसका नाम मैं डालूँगा. नहीं तो ठेका खतम, गाँव वापस." खलासी म्हणजे इथं कारखान्यातला मदतनीस, जहाजावरचा नव्हे.

म्हणून शिकवणं सुरू केलं. पहिल्याच दिवशी पास दिला, त्यानं झकास पकडला. एवढ्यात त्याचा पाय शेजारच्याच्या पायाला लागला. तुझा भाचा चेंडू काखेत घेऊन खाली वाकला, त्या माणसाच्या पायाला हात लावला, हात छातीला लावला. तोवर दुसऱ्यानं काखेतला चेंडू काढून नेला. असं संध्याकाळभर चाललं.

हे कोणी शिकवलं त्याला? लवकर कळव.

तुझा
देवीदास


हरदोली, ता. गोंदिया
१५ नोव्हेंबर १९६१

प्रिय देवीदास,

जयभीम आणि माझा रामराम.

कोणी शिकवलं म्हणून काय विचारतोस? आमच्या मैनाबाई आक्कानं. आक्काचा स्वभाव तुला ठाऊक आहे. केवलरामचं बाकीचं अंग मागाहून वाढलं, पाय आधीच वाढून बसले होते. भजनाला बसलेल्या पाटलाची बोटं त्यानं तुडवली तेव्हा तो माझ्या शाळेत दुसरीत होता. त्या दिवशी आक्कानं त्याला अंगणात उभं केलं आणि म्हणाली, "तुया पाय लागला म्हंजे बैलाचा पाय लागला. ज्याले लागला त्याच्यापुढं तिथंच वाकाचं. घरी येऊन नाई, तिथंच." तेव्हापासून तो वाकतो. बाजारातून घरी यायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो.

तू मात्र नवल करू नकोस. हुतुतूत तू माझ्या छातीवर बसायचास, उठताना कधी नमस्कार केलास का?

माझा सल्ला असा, की त्याला बूट घाल. बुटाचा पाय हा काही खरा पाय नव्हे, हे त्याला पटवून दे. तू पूर्वीपासून बोलण्यात पटाईत आहेस.

आणि एक कर. चेंडूचं इकडे कोणाला कळवू नकोस. केवलराम मोठ्या यंत्रावर आहे असं मी आक्काला सांगितलंय. नवऱ्याच्या मागे एकटीनं वाढवलेलं पोरगं भिलाईला जाऊन चेंडू खेळतं, हे तिला कळलं तर ती आधी माझ्या शाळेत येईल.

जागा पक्की होऊ दे म्हणजे झालं. इकडे दोन एकर धान आणि एक म्हैस, ह्यात त्याचं काय होणार?

तुझा
पंजाबराव


भिलाई
२ डिसेंबर १९६१

प्रिय पंजाबराव,

बुटाचा सल्ला तुझा होता हे लक्षात ठेव. त्याच्या मापाचे बूट दुर्गला मिळाले नाहीत, रायपूरहून आणवले. आता पाय लागला की तो पहिल्यापेक्षा जास्त वाकतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, जोडा लागला ना. उघड्या पायापेक्षा जोड्याचं पाप मोठं हाय."

खेळ मात्र त्याच्या हातात आहे, हे तुला सांगतो. मी त्याला शिकवलं ते असं: रिंगकडे पाठ करून उभा राहा. पास आला की चेंडू हनुवटीखाली दोन्ही हातांत धर, कोपरं बाहेर. मागचा माणूस कोणत्या अंगाला आहे ते पाठीनं ओळख. तो डावीकडे टेकला असेल तर उजवीकडे फीर, एक पाय जमिनीला खिळलेला ठेव, आणि चेंडू फेकू नकोस, वरच्या फळीला टेकवून सोडून दे. एकटा असला तर कधी चुकत नाही. एवढे मोठे पंजे, पण चेंडू असा सोडतो की जाळीचा आवाजसुद्धा येत नाही.

मिलमध्ये इगोर साहेब म्हणून रशियन इंजिनिअर आहेत. तरुणपणी त्यांच्या गावच्या टीममध्ये खेळायचे. त्यांना मी विनंती केली की ह्याच्या पाठीला पाठ लावून थोडे धक्के द्या, म्हणजे सवय होईल. साहेबांनी धक्का दिला, पायाला पाय लागला, केवलराम वाकला. साहेबांना वाटलं ही इथली खेळाची रीत असेल. तेही वाकले. दोघांची डोकी अशी आपटली की दुभाषा पळत आला. आता साहेब मिलमध्ये कोणाचा धक्का लागला तरी वाकून छातीला हात लावतात आणि आमचा फोरमन लाजून पळत असतो.

पण भट्टी खात्याच्या टीमला ही गोष्ट कळली. त्यांचा बलकारसिंग म्हणून एक उंच गडी आहे, स्वभावानं गोड, खेळात महा लबाड. सरावाच्या सामन्यात तो केवलरामच्या पायाखाली स्वतःचा पाय सरकवायचा आणि वर "आओ महाराज" म्हणायचा. आम्ही सपाटून हरलो. कडेला बसलेले लोक ओरडत होते, "अरे पंडितजी को गेंद मत दो, घंटी दो!"

तरी काळजीचं कारण नाही. सगळं ठीक चाललंय. फक्त आक्काकडून एवढं लिहून आण की खेळताना नमस्कार नाही केला तरी चालेल. चेंडूचं नाव न घेता.

तुझा
देवीदास


हरदोली
१४ डिसेंबर १९६१

प्रिय देवीदास,

"सगळं ठीक चाललंय" हे वाक्य तू मॅट्रिकच्या निकालाच्या आदल्या दिवशीही म्हणाला होतास, म्हणून मी लगेच आक्काकडे गेलो.

खळ्यावर धानाची चुरणी चालू होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, माणूस यंत्रावर काम करत असला आणि पाय लागला, तर वाकावं का?"

आक्कानं सूप खाली ठेवलं. "कोनतं यंत्र?"

"मोठं असतं."

"मोठं म्हंजे केवढं? त्याले चाकं हाय का पट्टा हाय?"

मी चाकं म्हणालो. थोड्या वेळानं पट्टा म्हणालो. मग तिनं शेजारच्या धोंडबाला हाक मारली आणि म्हणाली, "धोंडबा, मास्तरले बसाले पोतं दे. मास्तर आता खरं सांगनार हाय."

सांगितलं बाबा. चेंडू, रिंग, साहेब, पक्की जागा, सगळं. वाटलं होतं आता माझं काही खरं नाही. पण ती सूप उचलून पाखडायला लागली. मग पहिला प्रश्न काय विचारला? "दुसऱ्याच्या हातचं हिसकून घेते का थो?" मी म्हटलं, नाही, त्यालाच देतात, त्यानं फक्त नेऊन टाकायचं. "मंग येवढं सोपं हाय तं वाकते कावून?"

म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत वरनाची बादली घेऊन फिरला नाई का थो? तवा पाय लागत नोता? बादली खाली ठेवून पाया पडला का कोनाच्या? आधी वाढते, मंग मागं पाहून हात जोडते. हातात बादली हाय तोवर मानूस बादलीचा. सांग त्याले."

मी सांगितलं. आता पुढचं तुझं तू बघ.

तुझा
पंजाबराव

ता. क. आक्कानं मला चुरणीला जुंपलं होतं. हे पत्र डाव्या हातानं पाठ चोळत लिहितो आहे.


भिलाई
३ जानेवारी १९६२

प्रिय पंजाबराव,

आक्काला सांग, बादली लागू पडली.

कॅन्टीनमधून लोखंडी बादली आणली, काठापर्यंत पाणी भरलं. सगळी टीम मैदानात समोरासमोर दोन रांगा करून मांडी घालून बसवली, पाय मुद्दाम पुढे काढून. केवलरामनं बादली छातीशी धरून मधून जायचं, फिरायचं, आणि शेवटी फळीखालच्या घमेल्यात ओतायचं. आमचा कॅप्टन पाय आडवा घालून ओरडायचा, "लागला! लागला!" आणि केवलराम पुटपुटायचा, "बादली हातात हाय भाऊ, बादली हातात हाय." तिसऱ्या दिवशी बादलीच्या जागी चेंडू दिला. वाकला नाही! चेंडू टाकून झाल्यावर मात्र मागे वळून हात जोडतो, आणि तेवढ्यात समोरचे आमच्या रिंगकडे पळत सुटतात. तेवढा तोटा आम्ही सोसायचं ठरवलंय.

हे मला सुचणं शक्य नव्हतं. तुमच्या गावच्या पंगतीत आमच्या हाती बादली कोणी दिली होती? आमची पत्रावळ कुठे मांडायचे ते तुला ठाऊकच आहे. जाऊ दे.

पण आता नवीनच निघालं. पाय पुढे करून उपयोग नाही हे पाहिल्यावर बलकारसिंग रिंगपुढे दोन्ही हात वर करून उभा राहायला लागला. हे तर कोणीही करतो. तर हा रिंगखाली पोचतो, फिरतो, समोर ते हात बघतो, आणि चेंडू मुकाट्यानं दुसऱ्याला देऊन टाकतो. दर वेळी! मी वैतागून विचारलं, "अबे, टाकत कावून नाई?"

म्हणतो कसा, "मामा, थो नको म्हनून राह्यला ना."

मी डोकं धरून खाली बसलो. खेळाचे साहेब कालच विचारत होते, "तुम्हारा ताड का पेड़ फल कब देगा?" मी हसण्यावारी नेलं. दिवस फार उरले नाहीत. पोरगं रात्रपाळीवाल्यांसारखं डोळे तांबडे करून सराव करतंय आणि मला एकच विचारतं: "मामा, नाई जमलं तं तुमाले बोलनं बसंल का?" त्याच्या स्वतःच्या जागेचं विचारतही नाही.

काही सुचत असेल तर लिही. बूट सोडून.

तुझा
देवीदास


हरदोली
१५ जानेवारी १९६२

प्रिय देवीदास,

चूक तुझी आहे. तू त्याला वरण वाढायला लावलंस. वरण ऊन असतं. समोरच्यानं हात आडवा केला की थांबावंच लागतं, नाही तर त्याचा हात भाजेल. केवलरामनं गावात जन्मभर वरणच वाढलं. आता त्याला लाडवावर घे.

कालच्या संक्रांतीला आक्काकडे जेवलो. ही गोष्ट तिला सांगितली तशी म्हणाली, "ताटावर हात ठेव." मी दोन्ही हात पसरून पत्रावळ पुरी झाकली. ती तिळाचा लाडू घेऊन पुढे आली. मी म्हटलं, नको आक्का, पोट भरलं. "बरं बाप्पा," म्हणाली आणि डावीकडे धोंडबाच्या पानाकडे वळली. माझे हात जरासे सैल झाले असतील नसतील, तोच लाडू उजवीकडून माझ्या पत्रावळीवर! पुन्हा झाकली. ह्या वेळी तिनं लाडू नुसता उंच धरला. मी हात उचलले तर तो खालून आला. मी मास्तर माणूस, डोळे उघडे ठेवून बसलो होतो, तरी शेवटी मला उठवायला दोघे लागले.

तिचं म्हणणं असं: "नको म्हननं हे पाहुन्याचं काम हाय. वाढनं आपलं काम हाय. हात आडवे केले म्हंजे थो खरंच नको म्हनते असं कोन सांगलं ह्याले?" केवलरामचा बाप देवाजी लाडू वाढायला उभा राहिला की पाहुणे कण्हायचे म्हणे.

तर हे त्याला शिकव. आधी भलतीकडे वळल्यासारखं कर, हात हलू दे, मग वाढ.

आणखी एक बातमी. सव्वीस तारखेच्या सामन्याला आक्का स्वतः धोंडबाला घेऊन येते आहे. मला शाळेत झेंडावंदन आहे, मी येऊ शकत नाही. तिला मुलाचा खेळ बघायचा असेल, दुसरं काय. नीट ठेवून घे.

तुझा
पंजाबराव


भिलाई
२८ जानेवारी १९६२

प्रिय पंजाबराव,

खलाशी केवलराम! सोमवारी डॉक्टरी तपासणी आहे, पण साहेबांनी माझ्यासमोर नाव लिहिलं. आता पहिल्यापासून सांगतो.

आक्का पंचवीसला आली. ती आमच्या घरी जेवेल की नाही, म्हणून कांता दारातच घुटमळत होती. आक्का चूल कुठे आहे विचारत आत गेली, पाट ओढून बसली आणि पोटभर जेवली. कांतानं तिसऱ्यांदा भात घातला तेव्हा हात आडवे केले, तेही वाया गेले. हे गावात सांगायचं की नाही ते तू ठरव. जेवणानंतर तिनं केवलरामचे सगळे कपडे धुतले, घड्या केल्या आणि बोचक्यात गाठ मारून ठेवले. पोराचं किती नीटनेटकं बघते, असं आम्ही दोघं रात्री बोलत होतो.

सामना भट्टीवाल्यांशीच पडला. पहिल्या अर्ध्यात केवलराम आलेला चेंडू दुसऱ्यालाच देत राहिला. पण मध्यंतरानंतर त्यानं सुरुवात केली. डावीकडे वळल्यासारखं करायचा, बलकारसिंग तिकडे झुकायचा, हा उजवीकडून. मग चेंडू नुसता उंच दाखवायचा, बलकारसिंग उडी मारायचा, आणि तो खाली येईस्तोवर हा सावकाश वाढून मोकळा. बलकारसिंग म्हणाला, "ओय महाराज, ये किसने सिखाया?" हा म्हणाला, "मेरी माँ ने." बलकारसिंगला चेष्टा वाटली.

शेवटी आम्ही एका गुणानं मागे होतो. इगोर साहेब कडेला उभे राहून रशियनमध्ये काहीतरी ओरडत होते, दुभाषासुद्धा भाषांतर सोडून ओरडत होता. चेंडू केवलरामकडे आला. ह्या वेळी बलकारसिंग एकटा नव्हता, तिघं होते. सहा हात! पोरगं डावीकडे वळलं, कोणी हललं नाही. उंच दाखवला, कोणी उडालं नाही. आणि मग तो थांबला. तोच जुना चेहरा: हे नको म्हणून राहिले.

एवढ्यात आक्का पदर खोचून उठली. आम्हांला वाटलं मैदानातच शिरते. "अबे केवल! पाहून काय राह्यला? वाढ ना!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं, बलकारसिंगही वळला. सहा हातांत कुठे फट पडली ती मला दिसलीही नाही. चेंडू फळीला टेकला आणि आत गेला. शिट्टी झाली.

आक्का मात्र आनंदानं नाचली वगैरे नाही. खाली बसली आणि बराच वेळ बोटांनी गवत उपटत राहिली. थकली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गेली. जाताना ते बोचकं सोडून कपडे पुन्हा खुंटीवर लावून गेली. तुझी बहीण म्हणजे बाई आहे!

तुझा
देवीदास


हरदोली
९ फेब्रुवारी १९६२

प्रिय देवीदास,

तू चांगला शिकवतोस, पण माणसं तुला ओळखता येत नाहीत. आता झालं गेलं म्हणून सांगतो. आक्का खेळ बघायला आली नव्हती. ती त्याला परत आणायला आली होती. पोरगं हरलं की त्याच गाडीत बसवून आणायचं, असं तिनं निघताना मला बजावलं होतं, आणि हे तुला कळवलं तर बघ, असंही. त्याच्यासाठी वेगळ्या भाकरी बांधून घेतल्या होत्या. ते बोचकं त्याच्या परतीचंच होतं. परत येताना गाडीत धोंडबाला शेजारी बसू दिलं नाही, पोरासाठी धरून ठेवलेल्या जागेवर स्वतः पाय पसरून आमगावपर्यंत आली, आणि भाकरी डब्यातल्या लोकांना बळेच वाढल्या.

मी तिच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं, "आक्का, तो हरायलाच पाहिजे होता, तर ओरडलीस कावून?"

तवा धुता धुता म्हणाली, "थो तिथं तसाच उभा होता रे, हातात धरून. मले पाहवलं नाई."

मग माझ्यावरच खेकसली, "तुयामुळं झालं सारं. तुनंच धाडलं त्याले."

तुमच्या घरच्या जेवणाचं मी काही ठरवायच्या आत तिनंच पाणवठ्यावर सांगून टाकलं. दोघीचौघींनी नाकं मुरडली. आक्कानं त्यांना वांग्याच्या भाजीत कांता मीठ कमी घालते हेही सांगितलं, मग तोच विषय चालला.

दोन दिवस ती म्हशीपाशीच बसून होती. तिसऱ्या दिवशी शेत अर्ध्या वाट्यानं धोंडबाला लावून दिलं, घराची किल्ली माझ्या बायकोच्या हातात ठेवली आणि म्हणाली, खलाशाला क्वार्टर मिळते म्हणे, मग तिथे चूल कोण पेटवणार? मी म्हटलं, आक्का, क्वार्टर मिळायला वर्ष लागेल. तिचं म्हणणं, तोवर देवीदासच्या अंगणात जागा आहे, मी पाहून आले.

तेव्हा पुढच्या आठवड्यात ती येते आहे. एकटी नाही, म्हैस घेऊन. म्हशीला गाडीत घेत नाहीत असं मी सांगितलं तर म्हणाली, चालत आणीन, वाटेत नातेवाईक आहेत. कांतावहिनींना माझ्या वतीनं तूच सांग. मला धीर होत नाही. आणि तुमच्या सेक्टरात म्हैस बांधू देतात का, ते कोणत्या साहेबाला विचारायचं ते बघून ठेव. ते नको म्हणाले, तर त्यांची गाठ आक्काशी आहे.

तुझा
पंजाबराव